चार कारखाने, चार धनी

१ ऑक्टोबर २०२१ रोजी भारत सरकारने आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याच्या ताब्यातील ४१ कारखाने सात नव्या सरकारी कंपन्यांत वाटून दिले, तेव्हा त्या वाटणीच्या यादीकडे देशातील अर्थपंडितांचे फारसे लक्ष गेले नाही. परंतु जबलपुरात ज्यांचा दिवस पिढ्यानपिढ्या कारखान्याच्या भोंग्यावर बेतलेला होता, त्यांना त्या यादीत एक विलक्षण गोष्ट दिसली. एकाच शहराच्या कुशीत उभे असलेले चार कारखाने चार निरनिराळ्या धन्यांच्या हवाली झाले होते. खमरियाचा दारूगोळा कारखाना पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला, वाहन कारखाना चेन्नईजवळच्या आवडी येथील आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे, गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्सकडे आणि ग्रे आयर्न फौंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. जी फौंड्री मुळात शेजारच्या वाहन कारखान्याला ओतकाम पुरवण्यासाठी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभारली गेली, ती आता त्या शेजाऱ्याशी व्यवहार करू लागली तर नागपूर आणि आवडी अशा दोन दूरस्थ कचेऱ्यांचे शिक्के त्या कागदावर उमटायचे, अशी ही तजवीज.

वाटणी योग्य की अयोग्य हा वाद मला येथे उकरून काढायचा नाही. मला खटकते ते निराळेच. या रूपांतराच्या समर्थनार्थ जी कारणे पुढे करण्यात आली त्यांत सर्वांत जोरकस कारण उत्पादकतेचे होते, आणि उत्पादकतेची चर्चा आपल्याकडे निघाली की ती दोन वाक्यांत आटोपते: सरकारी नोकर काम करीत नाही, आणि खाजगी मालक काम करवून घेतो. या दोन्ही वाक्यांत थोडे थोडे तथ्य आहे, पण दोन्ही मिळूनही त्यांतून कारखाना कसा चालतो याचा बोध होत नाही. जबलपूरच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाकडे स्वच्छ दृष्टीने पाहिले तर असे दिसते की, कामगाराचा हात यंत्राला लागण्यापूर्वीच कारखान्याच्या उत्पादकतेचा मोठा हिस्सा फाटकाबाहेर ठरून गेलेला असतो. मागणी किती आणि किती नियमित, सुटे भाग कोण पुरवतो, किंमत कोण ठरवतो, केलेल्या कामाचा पैसा केव्हा हाती येतो, आणि वीज वेळेवर मिळते की नाही, या गोष्टी आधी ठरतात, आणि कुशल हाताला त्यांच्या मर्यादेतच आपले कौशल्य दाखवावे लागते. धनी बदलल्याने यांपैकी नेमके काय बदलले, हा प्रश्न अद्याप कोणी मन लावून विचारलेला नाही.

जबलपूर हे कारखान्यांचे शहर कसे झाले ते थोडक्यात पाहू. नागपूरकर भोसल्यांचा येथील अंमल १८१७ मध्ये संपला आणि हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. परंतु शहराचे नशीब खऱ्या अर्थाने उघडले ते आगगाडीने. अलाहाबादेकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ मध्ये येथे पोहोचला, मुंबईकडून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८७० च्या मार्चमध्ये येथे येऊन त्याला मिळाली, आणि मुंबई ते कलकत्ता हा अखंड लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला. राजा गोकुळदासांच्या घराण्याची कापडगिरणी आणि बर्न कंपनीचा मातीकामाचा कारखाना हे या शहराचे आरंभीचे उद्योग होते. पुढे १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाचा कारखाना आला, १९६९ मध्ये वाहन कारखाना आणि त्याच्या मागोमाग फौंड्री. किनाऱ्यापासून दूर, सरहद्दीपासून दूर आणि लोहमार्गाच्या सांध्यावर वसलेले हे गाव लष्करी कारखान्यांना सर्वथा सोयीचे होते. मात्र ज्या दुर्गमतेमुळे ते सुरक्षित ठरले तीच दुर्गमता पुढे बाजारपेठेच्या दृष्टीने त्याला जड गेली, हे आज नकाशा पाहताना सहज लक्षात येते.

उत्पादकतेविषयी अर्थशास्त्र काय सांगते? रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या चाळीस वर्षांच्या आकडेवारीवरून असे दाखवून दिले की, दर कामगारामागे वाढलेल्या उत्पादनातील जेमतेम आठवा हिस्सा भांडवलवाढीने समजावून सांगता येतो, आणि उरलेले सात हिस्से तंत्र, संघटना, कौशल्य अशा ज्या गोष्टी यंत्रांच्या किमतीत मोजता येत नाहीत त्यांच्या पदरात टाकावे लागतात. तेव्हापासून अर्थशास्त्रज्ञ त्या उरलेल्या हिश्शाची चिकित्सा करीत आले आहेत, आणि त्या चिकित्सेचा सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष असा की, एकाच धंद्यातल्या, एकाच प्रकारचा माल करणाऱ्या कारखान्यांतही उत्पादकतेचे अंतर प्रचंड असते. चॅड सायव्हर्सन यांच्या २०११ च्या सर्वेक्षणपर निबंधात म्हटले आहे की, अमेरिकेत एकाच उद्योगातील वरच्या पायरीवरील कारखाना तेवढ्याच साधनांत खालच्या पायरीवरील कारखान्याच्या जवळजवळ दुप्पट माल काढतो. भारत आणि चीन या देशांत तेच अंतर पाचपटीहून अधिक आढळते. एकाच देशाचे कायदे, एकाच भाषेचे कामगार, तीच यंत्रे, आणि फरक पाचपट. तेव्हा हिंदी माणूस आळशी आहे असे अनुमान काढून मोकळे होणाऱ्यांना या आकड्याने थोडे थबकायला हवे, कारण आळस जर राष्ट्रीय गुण असता तर तो सर्व कारखान्यांत सारख्याच प्रमाणात सापडायला हवा होता.

आता मागणीकडे वळू. लष्करी कारखान्याचे गिऱ्हाईक एकच असते आणि ते गिऱ्हाईक भीतीच्या प्रमाणात खरेदी करते. १९६२ च्या पराभवानंतर, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत, पुढे कारगिलच्या वेळी या कारखान्यांत रात्रपाळ्या आणि ओव्हरटाइम यांना ऊत आला. शांततेच्या काळात त्याच शेडमध्ये, त्याच यंत्रांसमोर, ‘लोड नाही’ ही तक्रार ऐकू येते. हा ‘लोड’ शब्द जबलपूरच्या कारखान्यांत जितका बोलला जातो तितका पगार हा शब्दही बोलला जात नसावा. समजा एखाद्या विभागाची भट्टी, क्रेन, नकाशाकार आणि कुशल हात वर्षाकाठी शंभर नगांच्या हिशेबाने बसवलेले आहेत आणि लष्कराने यंदा चाळीसच नगांचे मागणीपत्र पाठवले, तर भट्टीचा घसारा, इमारतीची देखभाल आणि पगारपत्रक यांचा सारा बोजा त्या चाळीस नगांवर पडतो. दर नगाची किंमत फुगते, कागदावर उत्पादकता कोसळते, आणि त्या वर्षी कोणी एक मिनिटही आळस केलेला नसतो. त्यापुढील वर्षी अचानक दीडशेंची मागणी आली तर मधल्या काळात निवृत्त झालेल्या फिटरची जागा भरलेली नसते, कच्च्या मालाची निविदा निघालेली नसते, आणि मग विलंबाचा ठपका पुन्हा कारखान्यावरच येतो. धनुष तोफेची कथा या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. १९८६ च्या बोफोर्स करारात हाती आलेली तांत्रिक कागदपत्रे आधाराला घेऊन गन कॅरेज फॅक्टरीने १५५ मिलिमीटर व्यासाची, ४५ कॅलिबरची ही तोफ साकार केली. मधली कित्येक वर्षे ती कागदपत्रे दफ्तरात पडून राहिली हा राजकारणाचा भाग झाला. लष्कराने ११४ तोफांची मागणी नोंदवली आणि एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा तोफा जबलपुरातच समारंभपूर्वक सुपूर्द झाल्या, परंतु पुढची रवानगी योजलेल्या गतीने झाली नाही. अशा तोफेचे असंख्य भाग निरनिराळ्या ठिकाणांहून येतात, आणि जो भाग सर्वांत उशिरा येतो तोच संपूर्ण जोडणीची गती ठरवतो. जोडणीच्या शेडमध्ये दहा माणसे वाढवल्याने नळी एक दिवसही लवकर येत नाही.

वाहन कारखाना आणि फौंड्री यांची कहाणी तर मला एखाद्या पाठ्यपुस्तकातील धड्यासारखी वाटते. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक १९५९ पासून जबलपुरात बनू लागला, प्रथम गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे स्वतंत्र वाहन कारखान्यात. जपानच्या निसानच्या परवान्यावरची जीपही आली, आणि तिचे ‘जोंगा’ हे लाडके नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. त्या काळी परकीय चलनाची चणचण होती, देशात ओतकाम, गिअर, आस विश्वासाने करून देणारे कारखाने मोजके होते, तेव्हा सारे काही आपल्याच छपराखाली करावे हा निर्णय समजण्यासारखा होता. कृष्ण मेनन यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात स्वावलंबनाचा जो ध्यास होता त्याला हे साजेसेच होते. परंतु एका गिऱ्हाइकासाठी, एका वाहनासाठी, एका छपराखाली उभारलेल्या या यंत्रणेला दुसऱ्या कोणाची सवय कधी लागलीच नाही. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर शक्तिमानचे उत्पादन थांबले, त्याच दशकाच्या अखेरीस जोंगाही थांबली, आणि त्यांच्या जागी अशोक लेलँडच्या आणि टाटांच्या आराखड्यांवरचे ट्रक जोडले जाऊ लागले, ज्यांचे कित्येक भाग मूळ कंपन्यांच्या पुरवठादारांकडून येत होते. शक्तिमानच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या फौंड्रीची मूळ मागणीच अशा रीतीने आटली. भट्टी पेटवायला जो खर्च येतो तो एका साच्यासाठीही तेवढाच आणि शंभर साच्यांसाठीही जवळजवळ तेवढाच, हे ओतकामाच्या धंद्यातला पोरगाही जाणतो.

आता कोल्हापूरकडे पाहा. तेथील फौंड्र्या ऊस पिळणाऱ्या चरकांच्या, तेलइंजिनांच्या, शेतीपंपांच्या ओतकामावर वाढल्या. इंजिनाची मागणी मंदावली तेव्हा त्यांनी मोटारीच्या भागांचे साचे घडवले. गिऱ्हाईक बदलले की साचा बदलायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते, आणि हे अंगवळण ही उत्पादकतेची फार मोठी शिदोरी आहे. पुण्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे, कारण तेथे दोन्ही प्रकार एकाच शहरात शेजारी शेजारी दिसतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पुण्यात आहे. तरीही पिंपरी, चिंचवड, भोसरी येथील हजारो लघुउद्योगांची वंशावळ खडकीपाशी जाऊन पोहोचत नाही. ती जाते बजाज आणि टेल्को यांच्याकडे, ज्यांना स्पर्धेत टिकण्यासाठी स्वस्त आणि वेळेवर मिळणारा सुटा भाग हवा होता आणि म्हणून ज्यांनी आपल्या आसपास पुरवठादारांचे मोहोळ वाढू दिले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जागा, पाणी, रस्ते दिले हे खरे, पण जागा रिछाईतही मिळाली आहे आणि आधारतालमध्येही. जबलपूरच्या या औद्योगिक वसाहतींतील शेडना मोठ्या कारखान्यांकडून जे काम मिळाले ते बहुधा फुटकळ जॉबवर्क होते. आराखड्यापासून ज्याची जबाबदारी घ्यावी, ज्यात सुधारणा सुचवावी, ज्यासाठी नवे यंत्र कर्ज काढून घ्यावे असे भरवशाचे काम त्यांच्या वाट्याला क्वचितच आले. जबलपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९४७ पासूनची परंपरा आहे. तेथून बाहेर पडलेला बुद्धिमान तरुण मात्र पुण्याची वाट धरतो, आणि आमच्या येथील मराठी घरांत तर धाकटा मुलगा पुण्याला आहे हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की त्यात अभिमान किती आणि खंत किती हे सांगणाऱ्यालाही कळत नसावे.

किंमत कोण ठरवतो हा मुद्दा हिशेबनीसांचा वाटतो, पण त्याची मुळे खोल आहेत. आयुध निर्माणी मंडळाच्या काळात कारखान्यांनी लष्कराला माल ‘ना नफा, ना तोटा’ या तत्त्वावर द्यायचा अशी रीत होती. खर्च झाला की तो किमतीत मिळवायचा. आणि ज्याचा वाढीव खर्च गिऱ्हाइकाच्या माथी आपोआप जातो, त्याला खर्च कमी करण्याची गरज कशी भासावी? कामगारांच्या बाबतीत दर कामाला ठरावीक तास नेमून, त्याहून कमी वेळात काम उरकणाऱ्यास अधिक मोबदला देणारी पीसवर्कची पद्धत होती, जी ऐकताना कार्यक्षमतेला उत्तेजन देणारी वाटते. परंतु नेमलेले तासच मुळात सैल असतील तर प्रत्येक कामगार कागदावर पराक्रमी ठरतो आणि कारखान्याचा खर्च मात्र जेथल्या तेथे राहतो. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत या प्रमाण-तासांवर वारंवार आक्षेप आले. त्या अहवालांवर खुलासे गेले, खुलाशांवर शेरे आले, आणि तास होते तसेच राहिले. यात कामगारांना दोष देणे मला अन्याय्य वाटते. नियम ज्यांनी केले त्यांनी मोजमाप सुधारण्याचा अधिकारही स्वतःकडेच ठेवला होता.

खाजगी मालकी आली की हे दोष आपोआप धुऊन निघतात असे मानणाऱ्यांसाठी मुंबईच्या परिसरातील एक उदाहरण सांगतो. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर, उंबरगाव या भागांतील खाजगी कापड कारखान्यांवर एक प्रयोग केला, ज्याचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सतरा कंपन्यांच्या अठ्ठावीस कारखान्यांपैकी काहींना नामांकित सल्लागारांकडून व्यवस्थापनाची अगदी साधी शिकवण देण्यात आली: सुताच्या साठ्याची नोंद ठेवा, यंत्र बंद का पडले ते लिहा, दोष कोठे उत्पन्न होतो ते रोज पाहा, जमीन झाडून घ्या. पहिल्याच वर्षात त्या कारखान्यांची उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली. मालक खाजगी होते, नफ्याची ओढ होती, तरी या गोष्टी त्यांनी आधी का केल्या नव्हत्या? काहींना त्या माहीतच नव्हत्या, काहींना त्यांचा उपयोग पटत नव्हता. शिवाय अधिकार घराबाहेरच्या माणसाकडे सोपवण्याची मालकांची तयारी नसे, आणि कंपनीचा विस्तार कुटुंबातील कर्त्या पुरुषांच्या संख्येवर अवलंबून राही. शहाणपण वाटेल त्या मालकीखाली दुर्मीळ असते. ते पसरते स्पर्धेमुळे, शेजारच्याचे पाहून, आणि जाणत्या माणसांच्या एका कारखान्यातून दुसऱ्यात होणाऱ्या ये-जेमुळे. आणि जबलपुरात मोठ्या कारखान्यातला फिटर निवृत्तीपर्यंत तेथेच राहिला, रिछाईच्या शेडमधला लेथचालक रिछाईतच, त्यामुळे एकाचे ज्ञान दुसऱ्याकडे गेले नाही.

कर आणि कायदे यांचा उत्पादकतेवर किती गाढ परिणाम होतो हे पाहायचे असेल तर तोफांकडून बिडीकडे यावे. जबलपूर हे बिडीच्या धंद्याचे जुने ठाणे, मोहनलाल हरगोविंददास यांची शेर छाप बिडी येथलीच, आणि गोंदियापर्यंतच्या साऱ्या तेंदूपानाच्या मुलखात हा व्यवसाय घरोघर पसरलेला. बिडी आजही हातानेच वळली जाते. यंत्रे निघाली नाहीत असे नाही. परंतु केंद्रीय अबकारी कराच्या दरपत्रकात यंत्रावर वळलेल्या बिडीला हातबिडीहून जड कर होता. हजारो स्त्रियांची मजुरी वाचावी हा त्यामागील हेतू मानवी होता यात शंका नाही. पुढे १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांचा कायदा होताच कारखान्यांनी आपल्या छपराखालचे काम घरखात्यावर, ठेकेदारांमार्फत, झोपड्यांतल्या ओसरीवर पाठवून दिले. कामगाराला संरक्षण द्यायला निघालेल्या कायद्याने कामगाराला कारखान्याच्या चौकटीबाहेर ढकलले आणि हजारी मजुरीचा दर तेवढा उरला. या प्रकरणात योग्य मार्ग कोणता होता हे सांगणे सोपे नाही. पण धंद्याची उत्पादकता येथे बिडी वळणाऱ्या बोटांनी ठरवलेली नाही, हे निर्विवाद.

विजेचीही तीच गत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची वीजनिर्मिती त्या राज्याच्या वाट्याला गेली. राज्याच्या वीज मंडळाची मुख्य कचेरी जबलपुरात असूनही पुढील काही वर्षे येथील लघुउद्योजकाला भारनियमनाच्या वेळापत्रकावर आपली पाळी बेतावी लागली. भट्टी मधेच थंड झाली तर तो घाणा वाया जातो, आणि जनरेटरवर ती चालवावी तर तिच्यातून निघालेले ओतकाम इंदूरच्या ओतकामाशी भावात टिकत नाही. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज, रस्ते, पाणी हे तीन शब्द सरकार उलथवायला पुरले. राजाश्रयही असाच दुरावला: १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली आणि जबलपुराच्या वाट्याला उच्च न्यायालय आले; न्यायालयाने वकिलांची वस्ती वाढवली, उद्योगाचे सरकारी आश्रयस्थान मात्र भोपाळ-इंदूर पट्ट्यात, मंडीदीप आणि पीथमपूर येथे सरकले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने संरक्षण उत्पादनासाठी दोन विशेष पट्टे जाहीर केले, एक उत्तर प्रदेशात, दुसरा तामिळनाडूत. चार लष्करी कारखाने अंगणात असलेले जबलपूर दोहोंच्या बाहेर राहिले. येथील लोकप्रतिनिधींनी या प्रश्नावर जेवढा आवाज करायला हवा होता तेवढा केला असे मला वाटत नाही.

कंपनीकरणाचा विचार काही एका रात्रीत आलेला नव्हता. टी. के. ए. नायर समितीने २००० मध्ये, २००४ मध्ये नेमलेल्या डॉ. विजय केळकर समितीने, पुढे रामन पुरी आणि लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समित्यांनी या कारखान्यांना खात्याच्या जोखडातून मोकळे करण्याची शिफारस केली होती. ती शिफारस मला तत्त्वतः मान्य आहे, कारण खरेदीच्या प्रत्येक बारीकसारीक बाबीला ज्याला मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागते त्याच्याकडून चपळाईची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. परंतु मोकळे करणे याचा अर्थ केवळ नावफलक बदलणे असा होत नाही. २०१७ मध्ये सरकारने लष्कराला लागणाऱ्या कित्येक वस्तू ‘बिगर-गाभा’ ठरवून त्या खुल्या बाजारातून घेण्याची मुभा दिली आणि वाहन कारखान्यात जोडले जाणारे ट्रकही त्या यादीत गेले. स्पर्धा म्हणून हे योग्यच होते. परंतु ज्याला तुम्ही स्पर्धेत उतरवता त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाण्याची मुभा, स्वतःचा पुरवठादार निवडण्याची मुभा आणि पुढील काही वर्षांच्या कामाची खात्री यांपैकी काही तरी आधी द्यावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा करून संपाला मनाई करण्यात आली, कामगार ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर कंपन्यांत गेले आणि त्या प्रतिनियुक्तीची मुदत पुढे वाढवण्यात आली, म्हणजे माणसांचा बंदोबस्त तत्परतेने झाला, कामाचा मात्र राहिला.

तेव्हा मागणी अशी करावीशी वाटते की, लष्कराने आपल्या गरजांचे मागणीपत्र वर्षावर्षाला न देता पाच वर्षांच्या आवाक्याने द्यावे आणि त्यातील किमान हिस्सा बदलणार नाही अशी हमी द्यावी, म्हणजे कारखानदाराला आणि त्याच्या पुरवठादारालाही यंत्र घेताना काही आधार मिळेल. चारही कारखान्यांच्या टूलरूम आणि चाचणीशाळा रिछाईच्या शेडना वाजवी भाड्याने खुल्या व्हाव्यात, कारण जबलपुरात अशी साधने सरकारी भिंतींबाहेर फार थोडी आहेत आणि भिंतींच्या आत ती पूर्ण वेळ गुंतलेली नसतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे देणे ४५ दिवसांत द्यायला सांगितले आहे. सरकारी कंपन्यांनी निदान आपल्यापुरते ते पाळले तर त्या शेडमालकाला खेळत्या भांडवलावर सावकारी व्याज भरावे लागणार नाही, आणि हे व्याज वाचले की नव्या लेथचा हप्ता त्यातूनच सुटतो. राहिली गोष्ट हिशेबाची. प्रत्येक कंपनीने आपल्या प्रमुख मालाची दर नगामागील खरी किंमत, लागलेले खरे तास आणि यंत्रे रिकामी राहिलेले दिवस दरवर्षी ताळेबंदाबरोबर जाहीर करावेत. गोपनीयतेचा मुद्दा उपस्थित होईल. तोफेचा पल्ला आणि दारूचे मिश्रण गोपनीय असावे हे कोणीही मान्य करील, परंतु ट्रकचा सांगाडा जोडायला किती तास लागले हे समजल्याने शत्रूचा काही लाभ होत असेल असे वाटत नाही.